मदत हवी आहे: भाचीच्या पिशवीचे बंद

मंडळी, शिवणातल्या जाणत्यांनी जरा सांगा. भाचीला सहावं लागतंय, तिच्यासाठी चित्रकलेच्या वह्या मावतील अशी साधी खांद्याची पिशवी शिवतेय. इथे इंदूरच्या क्लॉथ मार्केटमधून जाड कॅनव्हास आणला, आत अस्तराला आईच्या जुन्या माहेश्वरीचा तुकडा. (आईला अजून सांगितलेलं नाही!) दोन्ही कापडं धुऊन, इस्त्री करून मगच बेतली, नंतर आटायला नकोत. तयार माप 12 बाय 14 इंच. तळाचे कोपरे आडवे शिवून 2 इंचांचं बूडही दिलं. इथवर झकास.

अडलंय ते बंदांपाशी. वरचा काठ दुमडून त्यात बंद घातले की सहा-सात थर होतात आणि मशीन टाके सोडतं. 14 नंबरची सुई होती, ती तर मोडलीच. 16 नंबरची लावून भागेल, की 18च घ्यावी? टाका किती मोठा ठेवू? की बंद पक्के करायला त्यांच्या टोकांवर घालतात तो शिलाईचा चौकोन आणि त्यातली फुली तेवढी हातानेच, दुहेरी दोऱ्याने घालू?

आणि हो, एवढ्या लहान मुलीला बंद किती लांब लागतात? माझ्या मापाने शिवले तर पिशवी जमिनीवर लोळेल. वाढदिवस रविवारी आहे.