ऑनलाइन सोय असूनही लोक मामलेदार कचेरीतच का जातात?

पंचायत सदस्य, सत्तरी:
रहिवासी दाखला, उत्पन्नाचा दाखला सरकारच्या ‘गोवा ऑनलाइन’ संकेतस्थळावर मिळतो, हे आमच्या वाड्यावर सगळ्यांना ठाऊक आहे. ग्रामसभेत सांगून झालं, फलक लावून झाला. तरी माणसं अर्धा दिवस मोडून कचेरीत जातात. अडतं कुठे?

झेरॉक्सवाला, डिचोली:
ताई, फलक वाचून कोणी येत नाही. जमिनीचा एक-चौदाचा उतारा मागायला हल्ली म्हातारेसुद्धा माझ्याकडे येतात. ‘हा सर्व्हे नंबर, काढ’, संपलं. कारण शेजाऱ्याने काढलेला उतारा बँकेने मुकाट घेतला. उलट एकाचा डिजिटल सहीचा दाखला पाहून कारकून म्हणाला, ‘शिक्का कुठाय?’ तो दाखलेवाला आता गावभर सांगत फिरतो, ऑनलाइनचं काही खरं नाही म्हणून.

दुसरं लचांड ओटीपीचं. आधारला नंबर मुलाचा, मुलगा बोटीवर. आई माझ्या स्टुलावर बसलेली आणि ओटीपी गेला भर समुद्रात! त्याला रेंज मिळेपर्यंत मुदत संपलेली.

आणि नावं. पोर्तुगीज काळच्या कागदावर ‘पोरोबो’, आधारवर ‘परब’. कचेरीत निदान समोर उभं राहून ‘हा माझाच आजा’ असं सांगता येतं. वेबसाइटला काय सांगणार? अशा माणसाने कचेरी गाठली तर मी त्याला शहाणाच म्हणेन.

निवृत्त पोस्टमन, फोंडा:
पेन्शनरांच्या हयातीच्या दाखल्याचं बघा. तो ऑनलाइन द्यायची ‘जीवन प्रमाण’ सोय २०१४ पासून आहे, पण माझ्यासारख्यांचे बोटांचे ठसेच उमटत नसत. २०२१ मध्ये चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय आली. आता सून फोन धरते, मी पापण्या मिटतो-उघडतो, झालं. माझं बघून आमच्या कट्ट्यावरचे बाकीचेही त्याच वाटेने गेले.

ओटीपीवर उपाय आहे. पोस्ट पेमेंट्स बँकेतर्फे पोस्टमन घरी येऊन आधारला मोबाइल नंबर जोडून देतो. थोडी फी पडते. पोस्टात विचारा.

पंचायत सदस्य, सत्तरी:
पोस्टमनचं माहीत नव्हतं, काका. पंचायतीत एक दिवस बसवता येईल का, विचारते. पण शिक्का मागणाऱ्या कारकुनाचं काय करायचं?

झेरॉक्सवाला, डिचोली:
अर्जदाराला तिथे एकटं पाठवू नका. तुम्ही सोबत जा आणि ‘डिजिटल सही चालत नाही’ हे त्याच्याकडून लेखी मागा. लिहून देताना पेन अडतं त्यांचं.