प्रवाळांच्या टाकीत वाळू : हवी की नको?

खारेपाणी : "प्रवाळांच्या टाकीत वाळू घालणे म्हणजे तळाशी उकिरडा पोसणे होय, शोभेचीच हौस असेल तर मागे चित्र चिकटवा," असे 'उघडा तळ' यांनी काल येथे ठणकावून सांगितले, म्हणून हे सविस्तर उत्तर. उकिरडा वाळूमुळे होत नाही, ती घालून विसरून जाणाऱ्यांमुळे होतो. १ ते २ मिलिमीटर दाण्याच्या ॲरॅगोनाइटचा (चुनखडीसारख्या खनिजाच्या विकतच्या वाळूचा) ३-४ सेंटीमीटर थर ठेवावा, प्रत्येक पाणीबदलाच्या वेळी तळाचा एकेक भाग सायफनने उपसावा आणि नासारियस गोगलगाई सोडाव्यात. दिवसभर त्या नुसती सोंड वर काढून वाळूत बसतात आणि खाणे पडले की चहूकडून उसळून बाहेर येतात. माझ्याकडचा पिवळा रॅस मासा दिवे मालवण्याच्या सुमारास सूर मारून वाळूत शिरतो आणि तिथेच झोपतो. त्याने काचेवर डोके आपटून घ्यावे काय?

उघडा तळ : आपल्या रॅसच्या झोपेसाठी वाळूचा एक डबा पुरेसा आहे. माझ्याकडे ॲक्रोपोरा (फांद्यांचे कठीण प्रवाळ) आहेत आणि त्यांना लागेल तेवढा प्रवाह सोडला की साखरेसारखी बारीक वाळू उडून थेट त्यांच्या अंगावर बसते. बर्लिन पद्धतीत लाइव्ह रॉक (जिवाणू वसलेले सच्छिद्र खडक) आणि दमदार स्किमर (फेसाबरोबर घाण काढणारे यंत्र) यांवर टाक्या उत्तम चालतात. १९९०च्या दशकात सागरी जीवशास्त्रज्ञ रॉन शिमेक यांच्या लेखनामुळे १०-१५ सेंटीमीटर थराची लाट आली, ती आपणही पाहिली असेल. खालच्या प्राणवायूहीन थरात जिवाणू नायट्रेटचा नायट्रोजन करतात, हे मान्य. पण त्याच थराला कोणी हात लावला की काळा पट्टा उघडा पडतो आणि सडक्या अंड्यांचा वास घरभर होतो.

खारेपाणी : मी ३-४ सेंटीमीटर लिहिले आहे. १५ सेंटीमीटरला उत्तर देणे सोपे असते, हे समजू शकतो.

गुहागरकर : दोघांचेही चालू द्या, पण परदेशी वाळूची पिशवी घेऊन खिसा रिकामा करण्यापेक्षा आमच्या किनाऱ्यावरची वाळू का चालू नये, हे कोणीच सांगत नाही. वाळूतल्या सिलिकामुळे डायटम (तपकिरी सूक्ष्म शैवाल) माजतात ही भीती दुकानदारांनी पसरवलेली आहे. क्वार्ट्झ, म्हणजे वाळूतली सिलिका, पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही.

खारेपाणी : क्वार्ट्झपुरते आपले खरे आहे. मात्र कोकणची वाळू म्हणजे निव्वळ क्वार्ट्झ नव्हे. मूठभर वाळू कागदावर पसरून खालून चुंबक फिरवा, काळे कण त्यामागे रांगेने चालू लागतील. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचे इल्मेनाइट (लोह-टायटॅनियमचे काळे खनिज) तर प्रसिद्धच आहे. माझ्या एका मित्राने हौसेने अशी वाळू घातली, तेव्हा काच पुसण्याच्या चुंबकी घासणीत ते कण अडकले आणि समोरच्या काचेवर असा ओरखडा उठला की आता मासे त्याच्या अलीकडे-पलीकडे मोजावे लागतात.

गुहागरकर : मित्राला घासणी वापरता येत नाही, त्यात आमच्या किनाऱ्याचा काय दोष? आम्ही लहानपणापासून त्या वाळूत खेळलो आहोत.

खाडीकाठ : आपण खेळलात म्हणून ती पोत्यात भरण्याचा परवाना मिळत नाही. किनाऱ्यावरचा वाळूउपसा सीआरझेडच्या (किनारा नियमन क्षेत्राच्या) नियमांत निषिद्ध आहे. मालवणहून प्रवाळांचे तुकडे 'सजावटीला' आणणाऱ्यांनीही लक्षात ठेवावे की हे प्रवाळ २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत.

गुहागरकर : ट्रकच्या ट्रक जातात तेव्हा हे नियम कुठे असतात? एका पिशवीवर मात्र सगळ्यांची दृष्टी! ठीक आहे, आपल्या कायद्यापुढे आणि त्या मित्राच्या काचेपुढे माझी वाळू मागे घेतो. पण विकतच्या वाळूने क्षारता (पाण्याची आम्ल शोषण्याची क्षमता) टिकते, एवढे तरी कोणी मला ऐकवू नये.

उघडा तळ : त्या एका मुद्द्यावर मी आपल्या बाजूने आहे. ८.२ पीएचच्या समुद्रपाण्यात ॲरॅगोनाइट विरघळत नाही. क्षारता डोसिंगने (मोजून रसायने घालून) किंवा कॅल्शियम रिॲक्टरनेच (चुनखडी विरघळवून पाण्यात सोडणाऱ्या यंत्राने) राखावी लागते. 'खारेपाणी' यांच्या मऊ प्रवाळांच्या संथ टाकीत वाळू चालेल, असे म्हणतो. त्यांनी तो सायफन खरोखर चालवला तर.

खारेपाणी : उपकार झाले. आता तो डबाही सांगा: रॅस आत शिरताना आणि बाहेर पडताना निम्मी वाळू उडवून तळावर पसरवतो, ती रोज चमच्याने परत कोण भरते?