मे महिन्यातील माल्टा : अर्ज नेमका कोणत्या देशाकडे करायचा?

ए-१०४ : सर्वांना नमस्कार. आपल्या सोसायटीतील तीन कुटुंबे मे महिन्यात माल्टाला जाणार आहेत, हे बहुतेकांना ठाऊक आहेच. काल आमच्या घरी बसून माल्टामध्ये चार रात्री आणि तिथून बोटीने इटलीच्या सिसिली बेटावर जाऊन पाच रात्री असा बेत ठरला. आमच्या एजंटचे म्हणणे असे की, कागदावर माल्टाच्या रात्री जास्त दाखवू आणि व्हिसा हाती आला की हॉटेलचे बुकिंग बदलून टाकू. बी-३०२ मधील दादा तिकडे जाऊन आले आहेत, म्हणून तिकिटे काढण्यापूर्वी त्यांना विचारते आहे.

बी-३०२ : ताई, तिकिटे अजून काढली नाहीत हे फार बरे झाले. माल्टा २१ डिसेंबर २००७ पासून शेंगेन क्षेत्रात, म्हणजे आपापसांतल्या सीमांवर तपासणी न ठेवणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे. त्यामुळे आपल्याला माल्टाकडून मिळतो तो शेंगेनचाच अल्प मुदतीचा व्हिसा, आणि तो सिसिलीतही चालतो. मात्र अर्ज कोणाकडे करायचा हे आपल्या सोयीने ठरत नाही. पर्यटनाच्या प्रवासात ज्या देशात मुक्काम सर्वांत जास्त, त्या देशाकडे अर्ज करावा लागतो. मुक्काम सारखा असेल तर ज्या देशातून प्रथम प्रवेश करणार त्या देशाकडे. तुमच्या आजच्या बेतानुसार अर्ज इटलीकडे जायला हवा.

एजंट सुचवतात ते कृपया करू नका, हे मी कळकळीने सांगतो आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही एका एजंटचे असेच ऐकले. हॉटेलचे बुकिंग आणि दिवसवार कार्यक्रम यांचा मेळ बसला नाही, व्हिसा नाकारला गेला, भरलेले शुल्क परत मिळाले नाही, आणि पुढे दुसऱ्या एका देशाच्या अर्जात ‘पूर्वी व्हिसा नाकारला गेला आहे का’ या रकान्यात ‘होय’ लिहावे लागले. शेंगेनच्या संगणकीय नोंदीत तो नकार पाच वर्षे राहतो. शिवाय व्हिसा मिळाला तरी विमानतळावरचा अधिकारी मुक्कामाचे कागद मागू शकतो, आणि खोट्या माहितीवर घेतलेला व्हिसा तिथेही रद्द होऊ शकतो. लहान मुले बरोबर असताना हा धोका पत्करू नये.

सी-५०१ : मी ज्येष्ठांच्या वतीने लिहितो. आम्हा दोघांना नऊ दिवसांत इतकी धावपळ झेपणार नाही. माल्टामध्ये सहा रात्री आणि सिसिलीत तीन असे खरोखरच केले, तर अर्ज माल्टाकडे करता येईल ना? दुसरे असे की, माझा भाचा सायप्रसही पाहून या म्हणतो. तोही युरोपीय संघातला बेटांचा देश आहे, मग हाच व्हिसा तिथे चालेल का?

बी-३०२ : काका, सहा आणि तीन हा बेत मला मनापासून पटला, कारण त्यात कागद आणि प्रवास एकच राहतात. व्हॅलेटाहून सिसिलीतील पोत्सालोला जाणारी जलद बोट दोन तासांच्या आत पोहोचते. दोन्ही टोके शेंगेनमध्येच असल्यामुळे एकदाच प्रवेशाची मुभा देणारा व्हिसाही पुरतो, पण पासपोर्ट जवळच ठेवावा. सायप्रसची गोष्ट वेगळी आहे. माल्टा आणि सायप्रस दोघेही १ मे २००४ रोजी युरोपीय संघात आले, दोघांनीही १ जानेवारी २००८ पासून युरो स्वीकारला, पण सायप्रस शेंगेनमध्ये आलेला नाही. दोनदा किंवा अनेकदा प्रवेशाची मुभा असलेला वैध शेंगेन व्हिसा सायप्रस मान्य करतो, मात्र एकाच प्रवेशाचा व्हिसा घेऊन माल्टाहून तिकडे गेलो तर माल्टाला परतता येणार नाही. या खेपेस सायप्रस नको, असे माझे मत आहे.

ए-१०४ : मग सहा-तीन हेच पक्के करू. आता कागद आणि खर्च याविषयीही लिहावे, ही विनंती.

बी-३०२ : अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. निर्णयाला साधारण पंधरा दिवस लागतात, पण ती मुदत पंचेचाळीस दिवसांपर्यंत वाढू शकते, आणि मेच्या सुट्टीमुळे आपल्याकडे वसंतात भेटीच्या वेळा लवकर भरतात. म्हणून फेब्रुवारीतच अर्ज करू. शुल्क प्रौढांना ९० युरो, सहा ते बारा वर्षांखालील मुलांना ४५ युरो, सहा वर्षांखालील मुलांना काही नाही. अर्ज केंद्राचा सेवा आकार वेगळा. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा आणि संपूर्ण शेंगेन क्षेत्रासाठी हवा. बँकेचे विवरण, आयकर विवरणपत्रे, रजेचे पत्र आणि मुलांचे जन्मदाखले हे आपल्याला नवे नाही. मात्र वहिनींपैकी कोणाच्या पासपोर्टवर माहेरचे नाव असेल, तर तिकीट, विमा आणि हॉटेल या तिन्ही ठिकाणी तेच नाव लिहावे. आमच्या घरी हीच चूक शेवटच्या दिवशी लक्षात आली होती.

विमानाचा मार्गही आताच ठरवू. इस्तंबूल किंवा दुबईमार्गे गेलो तर प्रवेशाची तपासणी माल्टाला होईल. फ्रँकफर्ट किंवा रोममार्गे गेलो तर ती तिथेच होईल, म्हणून पुढच्या विमानाला पुरेसा वेळ सोडावा लागेल.

माल्टामध्ये एकच गोष्ट आधी राखून ठेवायला हवी, ती म्हणजे हाल साफ्लिएनी येथील भूमिगत दफनस्थान. हजारो वर्षांपूर्वी खडकात कोरलेली ही जागा जपण्यासाठी तिथे तासाला दहाच माणसांना सोडतात, त्यामुळे तिकिटे अनेक आठवडे आधी संपतात. मी ती न पाहता परतलो, याची खंत अजून आहे. गोझो बेटावर एक पूर्ण दिवस द्यावा. चिर्केव्वाहून बोट सुमारे पंचवीस मिनिटांत पोहोचते. शाकाहारी मंडळींनी पास्तित्सी, म्हणजे तिथली सारण भरलेली खारी, खाताना, आत रिकोटा (मऊ चीज) किंवा वाटाणा असला तरी, आवरणात प्राण्यांची चरबी आहे का हे विचारून घ्यावे.

सी-५०१ : फार उपयोगी माहिती दिलीत. पासपोर्टच्या मुदतीचा नियम काय आहे?

बी-३०२ : शेंगेनमधून बाहेर पडण्याच्या नियोजित तारखेनंतर किमान तीन महिने तो वैध हवा, गेल्या दहा वर्षांत दिलेला हवा आणि त्यात दोन पाने कोरी हवीत. मुलांचे पासपोर्ट पाच वर्षांचेच असतात, ते आधी काढून पाहा.

ए-१०४ : आत्ताच पाहिले. आपण २४ मेला परतणार आणि धाकट्याचा पासपोर्ट ३० जुलैला संपतो, म्हणजे तो २४ ऑगस्टपर्यंत तरी चालायला हवा होता. उद्या सकाळीच नूतनीकरणासाठी वेळ घेते. तो हाती येईपर्यंत कृपया कोणीही तिकिटे काढू नयेत.