पती गमावलेल्या मैत्रिणीला हळदीकुंकवाला कसे बोलवावे?

प्रश्न (विश्रामबाग, सांगली)
संक्रांत ते रथसप्तमी या काळात आमच्या घरी दरवर्षी हळदीकुंकू होते. माझ्या शाळेपासूनच्या मैत्रिणीचे यजमान गेल्या पावसाळ्यात वारले. सासूबाईंची हरकत नाही. मात्र गल्लीतील एखाद्या बाईने तिच्यासमोर करंडा मागे घेतला, तर तो अपमान मीच घडवून आणल्यासारखे होईल. तिला वगळणे तर मुळीच पटत नाही. कृपया मार्ग सुचवावा.

उत्तर (कराड)
ताई, आपल्याजवळच्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये पतीच्या निधनानंतर कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले. कुरकुरणाऱ्यांना हे जरूर सांगावे. पण आमंत्रण देतानाच सांगावे, ऐनवेळी नव्हे.

उत्तर (मिरज)
मी स्वतः या स्थितीतून गेले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेले असते; त्यानंतर बारसे, डोहाळजेवण, मुंज यांची बोलावणी हळूहळू बंद होतात आणि ‘तिला वाईट वाटेल’ हे कारण तिला न विचारताच ठरवले जाते. म्हणून आपण फोन न करता एकटीने तिच्या घरी जावे, ‘येशील का, आणि कुंकू लावलेले तुला चालेल का’ असे सरळ विचारावे आणि ती नको म्हणाली तर आग्रह न करता पुढच्या वर्षी पुन्हा विचारावे. घरच्या वडीलधाऱ्यांमुळे तिला कदाचित फक्त तिळगूळ घेऊन बसायचे असेल, तेही चालवून घ्यावे. ती आली तर तिला पहिल्या खुर्चीवर बसवू नये, तिच्याविषयी चार शब्द बोलू नयेत आणि छायाचित्र काढून समूहावर टाकू नये; ‘विधवा सन्मान’ म्हणून व्यासपीठावर बसवले की माझ्यासारखीला प्रदर्शनात मांडल्यासारखे वाटते. वाणही सर्वांना एकच असावे.

उत्तर (सातारा)
वरील उत्तराशी सहमत आहे. फक्त त्या दिवशी आत कपबशा विसळणाऱ्या मावशींनाही बाहेर बोलवावे. त्यांच्या कपाळाकडे तर कोणाचे लक्षही जात नाही, आणि त्यांच्या हाती वाण पडते ते उरलेसुरले, सगळ्या निघून गेल्यावर.

प्रश्नकर्ती
सर्वांचे आभार. रविवारी तिच्याकडे जाऊन येते. मावशींना त्या दिवशी कामाची सुट्टी देऊन रीतसर आमंत्रण देणार आहे. वाण म्हणून करंडे आणायचे ठरले होते, त्याऐवजी प्रत्येकीला मार्केट यार्डातील राजापुरी हळदीची पुडी द्यावी, असे सासूबाईंनीच सुचवले. सांगलीत हळद वाटायला कोणाची ना असणार?