'प्रिडेटर हंटर' मराठीत कसं लिहाल? 'शिकाऱ्यांचे शिकारी' चालेना

बोरू
एका माहितीपटाची मराठी उपशीर्षकं करतेय आणि दोन दिवस एकाच शब्दापाशी अडलेय. विषय असा: काही हौशी मंडळी बारा-तेरा वर्षांच्या मुलीच्या नावाने खोटं खातं उघडून बसतात. कोणी बाप्या लगट करायला आला की त्याला बोलू देतात, भेटायची वेळ ठरू देतात, आणि तो आला की चौघंजण मोबाइल रोखून त्याला घेरतात. सगळं थेट प्रक्षेपण. इंग्रजीत यांना 'प्रिडेटर हंटर' म्हणतात.

आता प्रिडेटर म्हणजे शिकारी, आणि हंटर म्हणजेही शिकारीच. 'शिकाऱ्यांचे शिकारी' लिहिलं, तर तपासणाऱ्या बाईंचा शेरा आला: 'कोण कोणाचा?' ओळीत जेमतेम चाळीस अक्षरं मावतात, त्यामुळे 'बालकांचे लैंगिक शोषण करणाऱ्यांचा शोध घेणारे' वगैरे आगगाडी चालणार नाही. शिवाय 'व्हिजिलांटी', म्हणजे कायदा स्वतःच्या हातात घेणारे, हा शब्द पाच वेळा आलाय. सुचवा. सोमवारी सकाळी द्यायचंय.

दामोदरपंत
यात अडण्यासारखे काय आहे? प्रिडेटर म्हणजे भक्षक. 'रक्षकच भक्षक झाले' हे वाक्य गेली पन्नास वर्षे आपण वाचतो आहोत. 'भक्षकांचे शिकारी' लिहा आणि मोकळे व्हा. मराठीत शब्द नाहीत असे नसते, आपण शोधत नाही.

टिंब
भक्षक म्हटलं की मला शाळेतली अन्नसाखळी आठवते. गवत, नाकतोडा, बेडूक, साप. साप बिचारा पोटासाठी खातो हो.

सुप्रभा
वर्तमानपत्री शब्द 'नराधम'. पण तो वापरू नकोस, बोरू. मी अनेक वर्षं मुद्रितशोधन केलं. कॉपीत 'नराधम' आला की मी 'आरोपी' करायचे, आणि रात्रपाळीचे उपसंपादक पान लावताना परत 'नराधम' करायचे. आमची ही कुस्ती वर्षानुवर्षं चालली. एकदा तो माणूस निर्दोष सुटला, तेव्हा त्याची बातमी आतल्या पानावर चार ओळींत लागली. त्यात मात्र कोणी विशेषण घातलं नाही.

कोशकीटक
'श्वापद' का नाही? श्वन् म्हणजे कुत्रा, त्याच्यासारखे पाय असलेला तो श्वापद, हिंस्र पशू. आणि गंमत ऐका. आपला 'सावज' हा शब्द याच 'श्वापद'पासून आलाय. गुजरातीत 'सावज' म्हणजे आजही सिंह. तिकडे जो मारतो तो सावज, आपल्याकडे जो मरतो तो सावज. शब्द एकच, फक्त बंदुकीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहिलाय.

बोरू
कोशकीटक, हे भारी आहे, पण उपशीर्षकात तळटीप देता येत नाही :(
माहितीपटात नेमकं हेच होतं मात्र. पहिल्या दहा मिनिटांत तो माणूस श्वापद असतो. मग त्याला भिंतीशी दाबतात, तो घाम पुसत 'प्लीज, माझ्या बायकोला नका सांगू' म्हणतो, आणि पडद्यावर सावज दिसायला लागतं. मला त्याची दया येत नाही, तरी दिसतं.

दामोदरपंत
व्हिजिलांटीला उत्तम मराठी शब्द आहे, जागल्या. लॅटिनमध्ये 'व्हिजिल' म्हणजे जागा असलेला. जागल्या म्हणजे गाव झोपल्यावर जागा राहणारा. इतका चपखल प्रतिशब्द क्वचित मिळतो.

नऊवार
पंत, जागल्या तर व्हिसलब्लोअरसाठी रूढ झालाय केव्हाचा. आता त्याला दुसरी नोकरी लावू नका.

दामोदरपंत
कोणी रूढ केला? चार अग्रलेखांत आला म्हणजे रूढ होत नाही. आतल्या गोटातून माहिती फोडणारा जागल्या कसा? त्याला फार तर 'फितूर' म्हणा, चांगल्या अर्थाने.

टिंब
चांगल्या अर्थाने फितूर. पंत, तुम्ही कोश लिहाच.

वांगीभाकर
जागल्या दोन्हीकडे चुकीचा आहे. मूळ जागल्या गावाने नेमलेला असायचा. ते काम जातीने वाट्याला यायचं, त्यात मिरवण्यासारखं काही नव्हतं. पण मुद्दा असा की त्याला गावाला जाब द्यावा लागायचा. चोर दिसला तर हाळी द्यायची, गाव उठवायचं. चोराला झाडाला बांधून त्याचा तमाशा लावणं हे जागल्याचं काम नव्हतं. ह्या लोकांना कोणी नेमलंय? चुकले तर कोणापुढे उभे राहणार?

कोशकीटक
इंग्रजी शब्दाच्या पोटात हाच घोळ आहे. १८५१ साली सॅन फ्रान्सिस्कोत व्यापाऱ्यांनी 'कमिटी ऑफ व्हिजिलन्स' काढली, १८५६ मध्ये पुन्हा. नाव दक्षता समिती आणि काम माणसं फासावर लटकवणं. म्हणजे शब्दाचा अर्थ 'जागा', आणि त्या जागेपणी केलेलं काम वेगळंच.

नऊवार
मग 'स्वयंघोषित न्यायाधीश'? वर्तमानपत्रात चालतं.

सुप्रभा
'स्वयंघोषित'मध्ये टोमणा आहे. माहितीपटाने टोमणा मारला नसेल तर अनुवादाने का मारावा? बोरू, मूळ निवेदकाचा सूर काय आहे?

बोरू
कुंपणावरचा. म्हणून तर मरण आहे. 'दक्ष नागरिक' लिहिलं तर हार घातल्यासारखं, 'झुंड' लिहिलं तर आरोपी केल्यासारखं.

काळाकोट
वकील आहे म्हणून नाक खुपसतो. तुम्ही सगळे नामावर भांडताय, खरा फरक क्रियापदात आहे. मराठीत 'सापळा रचणे' वेगळं आणि 'फशी पाडणे' वेगळं. लाच घ्यायला सरावलेल्या माणसासाठी सापळा रचतात. ज्याच्या मनात नव्हतं त्याला रोज टोचून टोचून पाडलं, तर ते फशी पाडणं. इंग्रजीत ज्याला 'एन्ट्रॅपमेंट' म्हणतात ते हे दुसरं. अमेरिकेत १९९२ साली सर्वोच्च न्यायालयाने एका शेतकऱ्याची शिक्षा याच कारणावरून रद्द केली. सरकारी खात्यांनी खोट्या संस्थांच्या नावाने त्याला दोन वर्षांहून अधिक काळ पत्रं पाठवून बेकायदा मासिक मागवायला लावलं होतं. मागवलं त्यानेच, पण इच्छा आधीपासून होती हे सरकारला दाखवता आलं नाही.

त्यामुळे हौशी मंडळींचा व्हिडिओ बघताना मी एकच बघतो. पहिला निरोप कोणाचा? भेटायचं आधी कोण म्हणालं? आणि नेमका तोच भाग व्हिडिओत कापलेला असतो.

नऊवार
पण न्यायालयं असे पुरावे मानतात ना?

काळाकोट
मानतात. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्कॉटलंडच्या एका खटल्यात तसं सांगितलं. आरोपीचं म्हणणं होतं की खासगी संभाषण पुरावा म्हणून वापरल्याने माझ्या खासगीपणाच्या हक्काचा भंग झाला. न्यायालय म्हणालं, मूल समजून ज्याला असले निरोप पाठवलेस त्याच्याकडून गुप्ततेची अपेक्षा धरता येत नाही. निकाल एकमताचा होता. पण पुरावा चालतो एवढ्यावरून रस्त्यात गाठून थेट प्रक्षेपण करायचा परवाना मिळाला असं होत नाही. लोक ह्या दोन गोष्टींची भेळ करतात.

टिंब
'फशी पाडणे' वरून आठवलं. तो बाप्या मुलीला करतो ते काय? तेही फशी पाडणंच की.

बोरू
हो!! तिथेही अडलेय. 'ग्रूमिंग', म्हणजे मुलाचा विश्वास जिंकून हळूहळू जाळ्यात ओढणं. पहिल्या मसुद्यात 'जोपासना' झालं होतं, देवा. एका दृश्यात पडद्यावर नुसते निरोप येतात. 'जेवलीस का', 'आई रागावली का आज', 'तू बाकीच्या मुलींसारखी नाहीस', आणि पाचव्या दिवशी 'हे आपलं दोघांचंच गुपित हं'. एकही वाईट शब्द नाही. 'फूस लावणे' म्हणावं, तर त्यात पळवून नेणं येतं.

सुप्रभा
'नादी लावणे'. आमची आजी म्हणायची, गोड बोलून नादी लावलंन. त्यात दिवस जातात, हळूहळू घडतं, आणि दोष लावणाऱ्याचा राहतो.

दामोदरपंत
'लावलंन' हे रूप तुमच्याकडचे दिसते. आमच्याकडे 'लावलान'.

सुप्रभा
पंत, 'लावलान' पुल्लिंगी कर्म असेल तर. नाद लावलान, पण नादी लावलंन.

कोशकीटक
यावर वेगळा धागा काढा, मी येतो.

वांगीभाकर
धागा भरकटायच्या आत एक सांगतो, शब्दाशी संबंध आहे की नाही तुम्ही ठरवा. माझ्या मामेभावाने नवीन सिमकार्ड घेतलं. तिसऱ्या रात्री अकरा वाजता फोन, शिव्या. मग दुसरा. पहाटेपर्यंत चाळीसच्या वर. एक बाई नुसती रडत होती, म्हणाली तुला मुलं नाहीत का. सकाळी कळलं की कुठल्याशा व्हिडिओत 'हाच तो' म्हणून नंबर झळकला होता. व्हिडिओ जुना, नंबर आधीच्या मालकाचा, आणि कंपनीने तो बंद झाल्यावर ह्याला दिलेला. ह्याने व्हिडिओखाली लिहिलं की बाबांनो, मी तो नाही. त्याला उत्तर आलं: 'सगळे असंच म्हणतात.'

नंबर बदलला, संपलं. पण तो अजून अनोळखी फोन उचलत नाही. त्या लोकांनी मूळ माणूस बरोबर पकडला असेलही. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण 'चव्हाट्यावर आणणे' म्हणजे चार वाटा जिथे मिळतात तिथे आणून ठेवणं. तिथून कोण कुठल्या वाटेने काय घेऊन जाईल ह्यावर आणणाऱ्याचा ताबा राहत नाही.

कोशकीटक
शब्दानेच घात झाल्याचं उदाहरण माझ्याकडे आहे. २००० साली वेल्समधल्या न्यूपोर्टला एका बाईंच्या घरावर रंगाने 'पीडो' लिहिलं गेलं, म्हणजे पीडोफाइल, मुलांबद्दल लैंगिक ओढ असणारा. बाई होत्या पीडियाट्रिशियन, बालरोगतज्ज्ञ. ग्रीक 'पाइस' म्हणजे मूल, तिथून दोन्ही शब्द निघाले. रंग फासणाऱ्याने अर्धाच वाचला. बाईंना घर सोडावं लागलं.

नऊवार
यावर हसू आलं आणि लगेच लाज वाटली.

काळाकोट
हसू न येणारी उदाहरणं पुष्कळ आहेत. २००६ मध्ये टेक्ससमध्ये एका दूरचित्रवाणी कार्यक्रमाने असाच सापळा लावला. संशयितांपैकी एक स्वतः सरकारी वकील. तो भेटायला आलाच नाही, तर पोलीस आणि पाठोपाठ कॅमेरे त्याच्या घरी गेले. त्याने आत स्वतःला गोळी घातली. पुढे सापळा लावलेल्या जिल्ह्याच्या मुख्य सरकारी वकिलाने बाकीच्यांवर खटले चालवायलाच नकार दिला. म्हणजे कार्यक्रम झाला, माणूस गेला, आणि खरे दोषी असतील तेही घरी गेले.
२०२० मध्ये नेदरलँड्समधल्या अर्नेममध्ये ७३ वर्षांचा निवृत्त शिक्षक पोरांच्या टोळक्याच्या मारहाणीत मेला. हाही अशाच 'शिकारी'चा प्रकार मानला गेला. डच पोलिसांनी मग जाहीर सांगितलं, हे थांबवा.

नीरजाआई
एरवी वाचूनच जाते, आज लिहितेय. तुम्ही सगळे पकडणाऱ्यांच्या चुका मोजताय. माझ्या मुलीला असे निरोप आले होते. वय अकरा. तक्रार करायला गेले, तर समोरच्याने विचारलं, 'प्रत्यक्ष काही झालंय का?' नाही म्हटल्यावर पेन खाली ठेवलं. आठ महिन्यांनी मला त्याच नावाचं खातं दुसऱ्या मुलीच्या फोटोखाली दिसलं. त्या दिवशी चार माणसं मोबाइल घेऊन त्याच्या दारात उभी राहिली असती तर मी त्यांना चहा दिला असता. त्यांना काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा.

वांगीभाकर
ताई, खरं आहे. मी माझं वाक्य मागे घेत नाही, पण तुमच्यापुढे मोठ्याने म्हणणारही नाही.

सुप्रभा
नीरजाआई, लेक बरी आहे ना आता?

नीरजाआई
हो. बारावीला आहे. तिने हे वाचलं तर म्हणेल, 'सावज' काय, मी ब्लॉक केलं होतं त्याला.

टिंब
लेकीला सलाम.

काळाकोट
शब्दापुरतं बोलायचं तर एक बदल न्यायालयाने स्वतः केलाय. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये सांगितलं की 'चाइल्ड पोर्नोग्राफी' म्हणू नका, 'बालकांचे लैंगिक शोषण व अत्याचार दर्शवणारे साहित्य' अशा अर्थाची संज्ञा वापरा. कारण पहिल्या शब्दात संमतीचा वास येतो. शब्दावरून भांडणारे रिकामटेकडे असतात असं समजणाऱ्यांसाठी.

दामोदरपंत
संज्ञा योग्य, पण लांबीने मारते. चाळीस अक्षरांत बसवून दाखवा.

कोशकीटक
बोरू, 'डिकॉय', म्हणजे आमिष म्हणून बसवलेलं खोटं पोर, हा शब्द राहिलाच की. डच लोकांनी सुंदर शब्द केलाय, 'लोकपुबर'. लोक म्हणजे आमिष दाखवणं, पुबर म्हणजे वयात येणारं पोर. २०१९ पासून तिथल्या पोलिसांना असं खोटं पोर बनून बसायला कायद्याने मोकळीक आहे. पोलिसांना, हौशींना नव्हे. आपल्याकडे 'आमिषबाला' करता येईल. संस्कृतात आमिष म्हणजे मांस, म्हणून शाकाहार तो निरामिष.

टिंब
आमिषबाला ऐकून नर्तकी वाटते.

काळाकोट
पोलिसी मराठीत 'बनावट ग्राहक' म्हणतात. बोलीत 'पंटर'. बारा वर्षांच्या मुलीला दोन्ही शोभत नाहीत.

नऊवार
तोतया! 'तोतया मुलगी'. पानिपतानंतर भाऊसाहेबांचा तोतया निघाला तेव्हापासून घराघरात पोचलेला शब्द.

दामोदरपंत
तोतयाला स्वतःचा लाभ हवा असतो. इथे तो नाही.

वांगीभाकर
नाही कसा? दहा लाख लोक व्हिडिओ बघतात, मध्ये जाहिराती लागतात.

बोरू
मंडळी, रविवारची रात्र झाली. आत्ता माझ्याकडे असं आहे: ग्रूमिंग = नादी लावणे (सुप्रभाताई, आभार), एन्ट्रॅपमेंट = फशी पाडणे, डिकॉय = तोतया मुलगी. व्हिजिलांटी पाचपैकी तीन ठिकाणी 'हे लोक' लिहून टाळलाय. मूळ 'प्रिडेटर हंटर' मात्र जिथे होता तिथेच आहे. सकाळी नऊच्या आत कोणाला काही सुचलं तर टाका. नाहीतर 'सावजं हेरणाऱ्यांना हेरणारे' असं काहीतरी जाईल.

दामोदरपंत
'सावजं' नव्हे, 'सावजे'. अनुस्वाराचे हे फॅड बोलण्यापुरते ठीक.

नऊवार
उपशीर्षकं बोलण्याचीच असतात, पंत.

कोशकीटक
मुळात सावज नपुंसकलिंगीच का, हे कोणी सांगेल का? गुजरातीत तर पुल्लिंगी आहे.