ओट्याखाली प्लाय नकोच! आणि वॉर्डरोबच्या वासाचं काय?

मृद्गंध

गेल्या महिन्यात आमच्या सिंकखालची फळी खचली. वारज्यातला फ्लॅट, किचन नऊ वर्षांपूर्वी एका मॉड्युलरवाल्याकडून केलेलं. सिंकच्या बॉटल ट्रॅपमधून थोडं थोडं पाणी झिरपत होतं. वरचं पांढरं लॅमिनेट नव्यासारखं दिसत होतं म्हणून कधी शंका आली नाही. कडेला बोट दाबलं तर ते चहात बुडवलेल्या बिस्किटात जावं तसं आत गेलं, नखात ओला भुसा आला. कोटेशनवर ‘वॉटरप्रूफ बोर्ड’ लिहिलं होतं. निघालं पार्टिकल बोर्ड, म्हणजे डिंकात दाबलेला लाकडाचा भुसा.

आता किचन नव्याने करायचंय आणि मुलीच्या खोलीत वॉर्डरोब. दुकानं फिरून माझं मत ठाम झालंय. ज्यांना पटत नसेल त्यांनी खोडून काढावं.

ओट्याखालच्या बॉक्सला लाकडाची कुठलीच जात नको. उभे कडप्पे आणि त्यात ३०४ स्टीलच्या ट्रॉल्या. आईकडे सदाशिव पेठेत ओट्याखाली कडप्पाच आहे. पाणी सांडलं तर फडक्याने पुसायचं, संपलं. तिथे कधी मिस्त्री बोलवावा लागलेला मला आठवत नाही.

वॉर्डरोबची भीती वेगळी आहे, तिथे पाणी नाही, हवा आहे. स्वस्त प्लाय, एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड), पार्टिकल बोर्ड बहुतेक युरिया फॉर्मल्डिहाइडच्या डिंकाने चिकटवलेले असतात, आणि त्यातून फॉर्मल्डिहाइड वायू हळूहळू सुटत राहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने, म्हणजे आयएआरसीने, २००४ मध्ये तो माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकला. माझ्या बहिणीकडे नवा वॉर्डरोब आला तेव्हा दार उघडलं की डोळे चुरचुरायचे, असं महिनाभर चाललं. त्याच खोलीत तिचा दोन वर्षांचा मुलगा झोपायचा. दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, “नव्याचा वास आहे, जाईल.”

भवानी_पेठ_टिंबर

ताई, मी टिंबर मार्केटमध्ये बावीस वर्षं प्लाय विकतोय, त्यामुळे मी एका बाजूचा आहे हे आधीच सांगतो. पण तुमच्याकडे सडला तो भुसा. त्याची शिक्षा प्लायला का?

आयएस ७१० हा मरीन प्लायचा भारतीय मानक. त्यात तुकडा ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवतात, तरी पदर सुटता कामा नये. त्यातला डिंक फिनॉल फॉर्मल्डिहाइडचा, युरियाचा नव्हे. तो पाण्यात टिकतो आणि त्यातून वायूही पुष्कळ कमी सुटतो, म्हणजे तुमच्या दोन्ही तक्रारींना एकच उत्तर. आयएस ३०३ हा साध्या प्लायचा मानक, त्यात एमआर आणि बीडब्ल्यूआर (उकळतं पाणी सोसणारा) असे प्रकार येतात. एमआर म्हणजे फक्त दमट हवा सोसणारा, तो ओट्याखाली घातला तर सडणारच. गिऱ्हाईक ‘आयएसआय आहे ना?’ एवढंच विचारतं. आयएसआय दोन्हींवर असतो! शिक्क्याच्या वर आयएस नंबर असतो तो वाचा, खाली सीएम/एल नंबर असतो तो ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाका. लायसन कुणाचं, कशाचं, सगळं दिसतं.

कडप्प्याचं कौतुक मीही ऐकत आलोय. त्याला ट्रॉली सरकवायच्या चॅनलसाठी भोक पाडताना कोपरा उडाला तर काय करता? एकदा बसवल्यावर मापं बदलता येत नाहीत.

मृद्गंध

दादा, ७२ तासांचं प्रत्येक दुकानात ऐकलं. पण ती परीक्षा चिकटीची आहे. पदर सुटत नाहीत, मान्य. लाकूड पाणी पीत नाही असं त्यातून सिद्ध होत नाही. सिंकच्या पाइपासाठी प्लंबर करवतीने भोक पाडतो, ती कापलेली कड उघडीच राहते. चॅनलचे स्क्रू, बिजागरीचे खड्डे, सगळीकडे तेच. ओट्याखालच्या अंधारात महिनोन्महिने ओल राहिली तर बुरशी आणि वाळवी काय शिक्का बघून येतात?

भवानी_पेठ_टिंबर

७१० मध्ये पदरांना कीड-बुरशीचं औषध देणं मानकातच आहे. बाकी कड उघडी राहते, हे तुमचं खरं. पण तो मिस्त्रीचा आळस. कापलेल्या प्रत्येक कडेला एज बँड (कड झाकणारी पट्टी) किंवा निदान प्रायमर लावायचा, पाइपाभोवती सिलिकॉन भरायचं. दहा मिनिटांचं काम आहे, माझ्या मिस्त्रींना मी ते करायला लावतो.

भोसरी_फॅब्रिकेटर

स्टीलबद्दल कुणी बोलायच्या आत एक सांगतो, कारण रोज लोक फसतात. गिऱ्हाईक खिशातून चुंबक काढतं, ट्रॉलीला लावतं, चिकटलं नाही की खूश, म्हणे ३०४ आहे. अहो, २०२ ला पण चुंबक चिकटत नाही! ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. २०२ मध्ये निकेल कमी करून मँगनीज घातलेलं असतं. दिसायला दोन्ही सारखेच. बाजारात टेस्टिंगचं लिक्विड मिळतं: एक थेंब टाकायचा, नऊ व्होल्टची बॅटरी टेकवायची, लाल झालं तर २०२. ट्रॉली पोहोचली की माझ्यासमोर करा म्हणावं. फसवणारा तिथेच गडबडतो.

२०२ च्या ट्रॉलीत मिठाची बरणी किंवा लोणचं सांडलं की वर्ष-दोन वर्षांत तांबूस ठिपके येतात. मग लोक म्हणतात, स्टीलसुद्धा गंजतं.

पूर्ण स्टीलचं किचन मी स्वतः बनवतो, पण सगळ्यांना घ्या म्हणणार नाही. पोचा पडला की निघत नाही, रात्री भांडं ठेवलं की शेजारी जागे होतात. बॉक्स स्टीलचा, दारं दुसऱ्या कशाची, हे मला जास्त पटतं.

एचडीएचएमआर_चाकण

इथे बोर्डाला सगळेच झोडपताहेत म्हणून लिहितो. मी मॉड्युलर फर्निचरच्या कारखान्यात काम करतो. आठ फुटी वॉर्डरोबचं शटर प्लायचं करून बघा, पावसाळ्यात पीळ पडतो आणि दोन दारांची रेघ जुळत नाही. प्लायमध्ये आतले पदर आणि सांधे असतात, कुठे पोकळी असली तर कळतही नाही. एचडीएचएमआर, म्हणजे लाकडाच्या तंतूंचा जास्त दाबलेला, दमटपणा सोसणारा बोर्ड, सगळीकडे सारखा दाट, सरळ राहतो. वजन मात्र जास्त, आठ बाय चारची १८ मिलीमीटरची शीट ४५ किलोच्या आसपास भरते, त्यामुळे बिजागऱ्या वाढवाव्या लागतात. ओट्याखाली, सिंकशेजारी तो घालावा असं मीही म्हणत नाही.

वासाबद्दल मात्र मृद्गंधताईंशी असहमत. घरी बनवलेल्या वॉर्डरोबचा वास नुसता बोर्डाचा नसतो. लॅमिनेट चिकटवायला मिस्त्री पिवळं रबर सोल्यूशन वापरतो, त्यातल्या थिनरचा भपका आठवडे टिकतो. पॉलिशचा वेगळाच. तुमच्या बहिणीचे डोळे कशाने चुरचुरले ते नुसत्या वासावरून कसं ठरवणार? ई-वन, म्हणजे कमी वायू सोडणारा बोर्ड, सहाही बाजू बंद आणि एज बँड मशिनवर लावलेला, एवढं सांभाळलं की भिण्यासारखं काही नाही.

मृद्गंध

वास दोन्हींचा असेल, मान्य करते. पण थिनर उडून जातो, फॉर्मल्डिहाइड वर्षानुवर्षं थोडा थोडा सुटतो, आणि उकाडा-दमटपणा वाढला की जास्त. युरियाचा डिंक ओलाव्याने फुटतो, म्हणून. आणि ई-वन म्हणजे काय? चाचणीच्या बंद कक्षात हवेतलं प्रमाण ०.१ पीपीएमच्या आत. तिथे बोर्ड किती, हवा किती बदलायची, सगळं ठरलेलं. दहा बाय दहाच्या खोलीत लॉफ्टपर्यंत वॉर्डरोब, बॉक्सबेड, अभ्यासाचं टेबल, वर एसीसाठी खिडक्या बंद. तिथे बोर्ड किती चौरस फूट होतो, मोजलाय कुणी? एका शीटचं सर्टिफिकेट दाखवून खोलीची खात्री देऊ नका. लहान मूल रोज दहा तास तिथे श्वास घेतं, म्हणून माझा एवढा जीव तुटतो.

कर्वेनगर_७१

आम्ही मुठेकाठी वाड्यात राहायचो. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा आमचं सागवानी कपाट छातीभर पाण्यात होतं. चिखल धुतला, सावलीत पंधरा दिवस वाळवलं, एक दार घासून घ्यावं लागलं. आज ते माझ्या खोलीत आहे आणि त्यात माझे शर्ट आहेत. भरीव लाकडाला डिंक नाही, वायू नाही. आता सागवान परवडत नाही हे खरं, पण वॉर्डरोब भिंतभर कशाला हवा? लहान कपाट करा, चांगलं करा.

धायरी_नवीन_घर

डब्ल्यूपीसीचं, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिसळलेल्या बोर्डाचं काय मग? पाणी लागत नाही, वाळवी लागत नाही. आमच्या बिल्डिंगमध्ये सगळे तेच करताहेत.

भोसरी_फॅब्रिकेटर

आपल्याकडे डब्ल्यूपीसी म्हणून विकतात त्यातलं बरंचसं पीव्हीसी असतं. सिंकखाली उत्तम. शेगडीशेजारी नको, उष्णतेने मऊ पडून वाकतं, आणि पेटलं तर हायड्रोजन क्लोराइडचा धूर होतो. एकच स्क्रू दोन-तीनदा काढून घातला की पकडही सुटते.

भवानी_पेठ_टिंबर

धायरीवाल्यांसाठी पुस्ती: बाथरूमच्या भिंतीला टेकून वॉर्डरोब असेल तर मागे बोटभर फट सोडा आणि खाली चार इंचाचे पाय द्या. पावसाळ्यात ती भिंत ओल धरते. इथे मात्र डब्ल्यूपीसीची पाठ चालेल, हे मी प्लायवाला असून सांगतो.

मृद्गंध

ठरवलं ते लिहिते. ओट्याखाली कडप्पाच, दादा, त्यावर मी हटणार नाही. भोकं मात्र ओटा बसवायच्या आधी, दगड आडवा असताना पाडून घेणार. कडप्पा चुनखडीचा, लिंबू-चिंचेने डाग पडतो, ते चालेल. ट्रॉल्या ३०४, थेंबाची परीक्षा दारात. दारांना ७१० प्लाय तुमच्याकडूनच घेईन, शिक्का आणि नंबर शीटवर बघून. मुलीच्या खोलीत भिंतभर वॉर्डरोब रद्द. सहा फुटी कपाट, तेही ७१० चं, आणि पहिले दोन महिने तिच्या खोलीच्या खिडक्या उघड्या ठेवून ती आमच्या खोलीत झोपेल.

एचडीएचएमआर_चाकण

सहा फुटी दारं प्लायची करताय तर प्रत्येक दाराला चार बिजागऱ्या लावा आणि लॅमिनेट दोन्ही बाजूंना सारख्याच जाडीचं घ्या. आत पातळ, बाहेर एक मिलीमीटर असं केलंत तर पहिल्याच पावसाळ्यात पीळ पडेल.