राजधान्या, उपराजधानी आणि 'केप टाउनात'

पंचवटीकर :
भाची स्पर्धा परीक्षेची तयारी करतेय. आफ्रिकेतल्या देशांच्या राजधान्यांचं तिचं टिपण वाचून देताना एका वाक्याशी अडलो : 'दक्षिण आफ्रिकेला प्रिटोरिया, केप टाउन आणि ब्लूमफाँटेन अशा तीन राजधान्या असून संसद केप टाउनात भरते.' एका देशाला तीन राजधान्या, हे मराठीत म्हणवतं का? की प्रिटोरिया राजधानी आणि बाकीच्या दोन उपराजधान्या म्हणायच्या? शिवाय 'केप टाउनात' कानाला खटकतं. पण 'नाशकात' तर आपण रोज म्हणतो.

सिन्नरकर :
'राजधान्या' बिनधास्त लिहा. नदी-नद्या, कादंबरी-कादंबऱ्या, तसंच. 'राजधानीची शहरे' हा उगाच घातलेला वळसा आहे.

उपराजधानी मात्र नको. तो शब्द आपल्याकडे नागपूरपुरता आहे आणि त्याला कारण आहे. १९५६ पर्यंत नागपूर ही मध्य प्रदेशाची राजधानी होती. मराठी मुलूख एकत्र येताना ते पद जाणार, म्हणून १९५३ च्या नागपूर करारात वर्षातून निदान एक अधिवेशन तिथे घ्यायचं ठरलं. बाकी वर्षभर विधिमंडळ मुंबईत. केप टाउनला संसद हिवाळ्यापुरती पाहुणी येत नाही, ती तिथलीच आहे. मग 'उप' कशाला?

गोदाकाठ :
सिन्नरकर, निष्कर्ष पटला, पण नागपूरशी साम्य तुम्ही म्हणता त्याहून जास्त आहे. १९१० मध्ये चार वसाहती जोडून दक्षिण आफ्रिकेचा संघ झाला, तेव्हा कोणीच आपलं शहर सोडायला तयार नव्हतं. मग ट्रान्सवालच्या प्रिटोरियाला प्रशासन, केपच्या केप टाउनला संसद, ऑरेंज फ्री स्टेटच्या ब्लूमफाँटेनला वरिष्ठ न्यायालय अशी वाटणी झाली. नाताळ वसाहतीच्या पीटरमारित्झबर्गला यातलं काहीच मिळालं नाही, पैशांत भरपाई मिळाली. भाऊबंदकी अगदी ओळखीची वाटते! आज घटनात्मक न्यायालय जोहान्सबर्गला आहे, आणि त्याला कोणी चौथी राजधानी म्हणत नाही.

आता शब्दाबद्दल. धानी म्हणजे ठेवायची, असायची जागा. राजा असेल ती राजधानी. या अर्थाला चिकटून बसलं तर आफ्रिकेतल्या ५४ देशांपैकी राजे उरलेत तिघांतच : मोरोक्को, लेसोथो आणि एस्वातिनी. त्यातही एस्वातिनीच्या तक्त्यात म्बाबाने लिहितात, कारण सरकारी कचेऱ्या तिथे. राजमातेचा वाडा आणि संसद लोबाम्बाला. व्युत्पत्तीने पाहिलं तर खरी राजधानी लोबाम्बाच, पण परीक्षेत म्बाबानेलाच गुण मिळतात.

राजाही एका जागी बसून असायचा असं नाही. आपल्या नाशिकच्या पांडवलेण्यांत तिसऱ्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीचा हुकूम कोरलेला आहे. गोवर्धनच्या अमात्याला उद्देशून आहे; पूर्वी उसभदाताकडे (क्षत्रप नहपानाच्या जावयाकडे) असलेलं दोनशे निवर्तनांचं (निवर्तन म्हणजे जमीन मोजायचं जुनं माप) शेत भिक्षूंना देण्याबद्दल. सातवाहनांची राजधानी पैठण, हे आपण शाळेपासून घोकलेलं. पण हा हुकूम सुटलाय 'विजयखधावारा', म्हणजे विजयी सैन्याच्या छावणीतून. इथिओपियाच्या सम्राटांचंही मधली काही शतकं असंच होतं, छावणी हलली की दरबार हलला. अम्हारिकमध्ये शहराला 'कतमा' म्हणतात, त्याचा जुना अर्थ छावणीच. पुढे १६३६ च्या सुमारास गोंदर आणि १८८६ मध्ये आदिस अबाबा वसलं, तेव्हा कुठे बस्तान बसलं.

म्हणून माझं मत : 'राजधानी' हा शब्द जिथे एकच उत्तर आहे तिथे ठेवावा, आणि कारभार विभागलेला असेल तिथे आपला 'ठिकाण' वापरावा. निफाड हे तालुक्याचं ठिकाण, तसं केप टाउन हे संसदेचं ठिकाण. हे मी नवीन काढत नाही. सभासद बखरीत रायगडाबद्दल 'तख्तास जागा हाच गड करावा' असंच आहे, राजधानी शब्द तिथे लागलेला नाही. दक्षिण आफ्रिकेच्या घटनेतही (कलम ४२) केप टाउनला संसदेचं आसन म्हटलं आहे.

सिन्नरकर :
'ठिकाण' आवडला. बेनिनलाही चालेल : राजधानी पोर्टो-नोव्हो, सरकारचं ठिकाण कोटोनू. आयव्हरी कोस्टला मात्र जपून. यामुसुक्रो १९८३ पासून राजधानी, पण वकिलाती आणि व्यवहार आबिदजानला राहिले. तिथे तक्त्यातल्या एका रकान्यात भागत नाही, तळटीप द्या.

आणि आबिदजानला 'आर्थिक राजधानी' म्हणायचा मोह आवरा. आपल्याकडे द्राक्षांची राजधानी, कांद्याची राजधानी, वाइनची राजधानी एवढं झालंय की शब्दाला धार उरलेली नाही.

येवल्याची वाचक :
'केप टाउनात'चं राहिलंच. गावाचं नाव तोंडात किती घोळलंय यावर सामान्यरूप ठरतं, माझा तरी तसा अनुभव आहे. नाशिकचं नाशकात, येवल्याचं येवल्यात, सटाण्याचं सटाण्यात. परक्या नावांत ढाका वर्तमानपत्रांत इतकं आलं की 'ढाक्यात' सहज लिहितात. झांबियाची राजधानी लुसाका त्याच वळणाची, पण 'लुसाक्यात' कोणी लिहीत नाही, 'लुसाकात' लिहितात. नैरोबीत, कैरोत, अक्रात हे नुसता 'त' लावून भागतं. शेवटी व्यंजन आलं की 'मध्ये' बरं : रबातमध्ये, केप टाउनमध्ये. नाहीतर 'केप टाउनला भरते' म्हणा, आपण 'अधिवेशन नागपूरला भरतं' म्हणतोच की.

पंचवटीकर :
सर्वांचे आभार. वाक्य असं केलं : 'दक्षिण आफ्रिकेचा कारभार तीन शहरांत वाटलेला आहे : प्रशासनाचे ठिकाण प्रिटोरिया, न्यायदानाचे ब्लूमफाँटेन, संसद केप टाउनला भरते.' भाचीचं म्हणणं, पर्यायांत 'तीन राजधान्या' असंच येतं, म्हणून ते कंसात ठेवलंय. पुढची ओळ 'टांझानिया : दार-ए-सलाम' अशी आहे, ती ठीक ना?

गोदाकाठ :
नाही, दोन दुरुस्त्या. राजधानी दोदोमा, दार-एस-सलामहून तिकडे हलवायचं १९७३ मध्येच ठरलं होतं. आणि मधला 'ए' काढा. तो फारसी जोडणीचा, 'दिवान-ए-खास'मधला. हे नाव अरबी आहे, दार अस्-सलाम, शांतीचं घर. तेव्हा 'एस'च.